लाल डोळ्यांचं पोर

ऋषिराजनं चित्रांचं पुस्तक माझ्यापुढं धरलं, सातवं पान उघडलं आणि म्हणाला, ओळखा मामा, कोण हाय. मी बघितलं आणि विचारलं, "ह्याच्या चपला कुठायत?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

चित्रात एक काळं पोर होतं. डोळे लालभडक, दात बाहेर, गळ्यात हाडांची माळ. हातात स्वतःपेक्षा लांब बंदूक. मागं झोपड्या जळत होत्या. आठव्या पानावर मी त्याची बंदूक एका हातानं हिसकावली होती. नवव्या पानावर ते माझ्या पायाशी रडत होतं. दहाव्या पानावर मी त्याला बिस्किटं देत होतो आणि अकराव्या पानावर ते झेंड्याला सलाम करत होतं. पुस्तकाचं नाव 'काळ्या जंगलातला मराठा'. वरच्या कव्हरवर पण मीच. छाती माझ्या छातीच्या दुप्पट आणि मिशा मी कधी ठेवल्या नाहीत तेवढ्या.

ऋषिराज माझ्या बायकोच्या, संजीवनीच्या, भावाचा मुलगा. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. तो बारामतीत असतो, कॉम्प्युटरवर चित्रं काढतो. आजवर दुधाच्या पिशव्या, लग्नाचे फ्लेक्स, शाळेच्या भिंती असली कामं करायचा. हे त्याचं पहिलं पुस्तक. मी फौजेत होतो. हवालदार म्हणून सुटलो, पुढं एका साखर कारखान्याच्या गेटावर सिक्युरिटीत लागलो आणि संजीवनी गेली तेव्हा तेही सोडलं. मुलगी प्रगती सासरी आहे. आता मी कळंबला घरी असतो, दोन गाई आहेत, दीड एकर ऊस आहे. दोन हजार सहा साली शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आठ महिने आफ्रिकेत काँगोला होतो. पुस्तक त्या आठ महिन्यांचं.

संजीवनीला जाऊन दीड वर्ष झालं. शेवटची दोन वर्षं तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला न्यावं लागायचं. माझी ड्यूटी असली की ऋषिराज तिच्याजवळ बसायचा. तिथं तिनं त्याला माझी काँगोहून आलेली पत्रं वाचायला दिली होती. त्यानं सगळ्या पत्रांचे फोटो काढून ठेवले. हे मला तो पुस्तक घेऊन आला तेव्हा कळलं. पत्रं आमच्या पेटीत होती आणि गेल्या दीड वर्षात माझ्यानं ती पेटी उघडवली नव्हती.

ऋषिराजचं म्हणणं असं होतं की पुण्याचा एक निर्माता ह्यावर सिरीज काढायला तयार आहे. सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' असं टाकायचं, त्यासाठी माझी सही लागते. कागद त्यानं बरोबर आणला होता. घटस्थापनेला बारामतीत पुस्तकाचं प्रकाशन, पाचशे प्रती छापून तयार, मी मेडल लावून स्टेजवर बसायचं. त्यानं बाकीची कामं सोडली होती. सही झाली की त्याचं आयुष्य मार्गाला लागणार, नाही झाली तर निर्माता दुसऱ्या कुणाची गोष्ट घेणार. हे त्यानं लपवलं नाही. चांगला पोरगा आहे तो. संजीवनीची उलटीची भांडी धुतलीत त्यानं.

मी म्हटलं, ते पोर असं नव्हतं. तो म्हणाला, मामा, आमच्यात चित्र थोडं चढवूनच काढावं लागतं. मी म्हटलं, गळ्यात हाडं कुणी घातली? तो म्हणाला, रेफरन्स बघितले ना, सगळ्या सिनेमांत असंच दाखवतात.

ते खरं होतं. मी पण बघितलेत ते सिनेमे. तिकडं कॅम्पात असताना सीडीवर लावायचे, रविवारी. बाहेर तारेच्या कुंपणापलीकडं खरी पोरं पाण्याचे डबे घेऊन चाललेली असायची आणि आत आम्ही पडद्यावर त्यांच्यासारखीच पोरं गोळ्या घालताना बघायचो. सगळ्या सिनेमांत एकच. पोर एक तर राक्षस असतं, नाही तर रडत असतं. शेवटी कुणी तरी बाहेरून आलेला माणूस त्याला उचलून घेऊन जातो, आणि लोक त्या माणसासाठी टाळ्या वाजवतात. पोराला स्वतःचं काही डोकं असतं, त्याचं काही ठरलेलं असतं, कुणाला तरी ते विचारून आलेलं असतं, असं एकाही सिनेमात बघितलं नाही.

मी सही केली नाही. नाही पण म्हणालो नाही. ऋषिराज म्हणाला, गुरुवारी भिगवणला टीझर घेतोय, तुम्ही बघायला या, मग ठरवा. पितृपंधरवडा चालू होता. त्याच्या आईनं पित्रांत नवीन काम नको म्हणून सांगितलं होतं, तर हा तिला म्हणाला होता, हे काम न्हाय, ही नुसती टेस्ट हाय.

गुरुवारी एसटीनं भिगवणला गेलो. हायवे सोडून आत उजनीच्या पाण्याकडं गेलं की मासेमारांची वस्ती लागते. तिथं बाभळी आणि पाणकणसाच्या मधे यांची आफ्रिका लावलेली होती. ताडपत्रीच्या तीन झोपड्या, टायर जाळून केलेला धूर. वस्तीतली दहाबारा पोरं रांगेत उभी होती आणि एक बाई त्यांच्या तोंडाला खोबरेल तेलात कालवलेली काजळी फासत होती. डोळ्यांभोवती लाल रंग. प्रत्येकाच्या हातात लाकडी बंदूक. कॅमेऱ्यामागचा माणूस सांगत होता, बोलायचं नाही, नुसतं ओरडायचं, जंगली दिसलं पाहिजे.

पोरं मजेत होती. त्यांना त्या दिवशी वडापाव मिळाला होता, शाळा बुडाली होती. त्यांच्यावर माझा राग नाही.

एक दहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. केस टोपीत कोंबलेले, म्हणजे मुलगा दिसावी. नाव विचारलं तर छकुली म्हणाली.

"आबा, मी चारदा मेले," ती म्हणाली. "अजून किती बाकी हाय?"

"कोण मारतंय तुला?"

"तुमी." तिनं बोट केलं. तिकडं फौजी कपड्यातला एक जाडा माणूस मिशा चिकटवून घेत होता. "म्हंजे ते. ते तुमी हाय म्हणं."

तिनं थोडा वेळ बंदुकीनं मातीत रेघा मारल्या. मग विचारलं, "तिकडं लोकं असंच वरडत्यात व्हय?"

"न्हाय. आपल्यासारखंच बोलत्यात."

"मग आमाला का बोलू देत न्हाईत?"

मी टॉवेल पाण्यात भिजवला आणि तिचं तोंड पुसायला लागलो. काजळी लवकर निघत नाही. अर्धं तोंड निघालं तेवढ्यात ती रंगवणारी बाई धावत आली, मग कॅमेऱ्यावाला आला, मग तो मिशीवाला 'मी' पण आला. सगळे मला ओरडले, दुपारचं सगळं परत घ्यावं लागणार म्हणून. मी टॉवेल सोडला नाही. म्हटलं, हिला पाचव्यांदा मारायचं नाही. फौजेत होतो तेव्हा एवढ्या मोठ्यानं बोललो नसेन.

ऋषिराजनं मला दंडाला धरून हायवेवरच्या हॉटेलात नेलं. मासळीच्या थाळीचा वास, बाजूला ट्रकवाले जेवत बसलेले. त्यानं चहा सांगितला आणि तो यायच्या आधीच बोलला.

"मामा, तुमी मला त्या लोकांम्होरं खोटं पाडलं. मी काय रचलंय हितं? एक तरी गोष्ट माझ्या मनाची हाय का?"

मी म्हटलं, सगळीच तुझ्या मनाची आहे. बंदूक तुझी, डोळे तुझे.

त्यानं फोन काढला, फोटो मोठा केला आणि माझ्यापुढं ठेवला.

"अक्षर कुणाचं हाय?"

माझं होतं. फौजेच्या टपालानं आलेल्या आंतरदेशीय पत्रावर निळ्या पेनानं लिहिलेलं. 'चार दिवसांपूर्वी गेटावर एक पोरगा बंदूक घेऊन चाल करून आला. डोळे लाल होते, गांजा दिलेला असावा. आपल्या प्रगतीएवढा असेल. मी त्याची बंदूक हिसकावली. तो पाया पडून रडायला लागला. त्याला चार बिस्किटं दिली. त्याचं नाव जोसेफ. आता आमच्याच कॅम्पात आहे, मला रोज सलाम करतो. काळजी करू नको.'

लाल डोळे पण मीच लिहिले होते. मी विसरलो होतो. एकोणीस वर्षांत ते पत्र मी परत कधी बघितलंच नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी एसटी पकडली. परत येताना खिडकीकडं बसलो आणि सगळा रस्ता स्वतःला शिव्या दिल्या. त्या निर्मात्याला दिल्या, त्या सिनेमांना दिल्या, पण फिरून माझ्यावरच येत होत्या. कारण मला ते लाल डोळे सुचले कुठून? रविवारच्या सीडीतून. मी सिनेमा बघून पत्र लिहिलं, आणि ह्या पोरानं पत्र बघून सिनेमा काढला.

खरं काय झालं ते लिहितो.

संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. मी गेटावर होतो. ते पोर रस्त्यानं चालत आलं, हातात काही नव्हतं. पायात दोन वेगळ्या चपला, एक निळी, एक तपकिरी, दोन्ही डाव्या पायाच्या. खोकत होतं. डोळे पिवळे पडलेले, कावीळ झाल्यासारखे. त्यानं खांद्यावर हात मारून दाखवला आणि मग हात लांब फेकला. म्हणजे बंदूक टाकून आलोय. तिकडं तेव्हा टोळ्यांतली माणसं हत्यार जमा करून कॅम्पात नाव लिहायला येत होती. मोठ्या माणसानं हत्यार आणायचं, असा नियम होता. पोर असेल तर हत्यार असो नसो, तसंच आत घ्यायचं आणि साहेबांना बोलवायचं. आम्हाला हे दोनदा सांगितलेलं होतं. मला पाठ होतं.

पण पोराला आत घेतलं की कागद, दुभाष्या, डॉक्टर, दोन तास गेले. आणि सहा वाजता माझी फोनची पाळी होती. महिन्यातून एकदा, सहा मिनिटं, घरी. ती चुकली की पुढचा महिना.

माझे वडील कारखान्याला ऊस घालायचे. पावती नसली की गेटावरून बैलगाडी परत. उन्हात, भरल्या गाडीसकट. गेटवाला तोंडानं बोलायचा पण नाही, नुसता हात हलवायचा. मी लहानपणी गाडीत बसून तो हात बघितलाय. तोच हात मी केला. माझ्या रायफलीवर बोट ठेवलं, मग जंगलाकडं दाखवलं. आधी बंदूक आण, मग आत.

त्याला समजलं. त्यानं मान हलवली. तारेतून मी त्याला चार बिस्किटं दिली. पत्रातलं तेवढं एक खरं. दोन त्यानं तिथंच खाल्ली, दोन खिशात ठेवली आणि आला तसा गेला.

मी सहा वाजता फोनवर संजीवनीशी बोललो. प्रगतीला नवीन दप्तर घ्यायचं का, यावर बोललो.

सकाळी गस्तीच्या गाडीला तो रस्त्याकडेला सापडला. कॅम्पापासून दोन किलोमीटरवर, तोंड आमच्याकडं. मारलं कुणी ते कधी कळलं नाही. एक चप्पल पायात होती, निळी. जवळ बंदूक पडलेली होती. सांगितलं होतं तसं घेऊन येत होता.

पत्र त्याच आठवड्यात लिहिलं. माझी पत्रं प्रगती मोठ्यानं वाचायची, ओसरीवर, शेजारपाजार गोळा करून. ती बारा वर्षांची होती. मी काय लिहिणार होतो?

नवमीला संजीवनीचा म्हाळ होता. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नवमीलाच घालतात. वर्षाच्या आत घालता येत नाही, म्हणून हा पहिला. माझ्या चुलतभावाची बायको द्वारकाबाई सकाळपासून स्वयंपाकाला आली होती. खीर, वडे, अळूच्या वड्या, गवारीची भाजी, सगळं तिनं केलं. प्रगतीच्या पोराला ताप होता, ती येऊ शकली नाही. माहेरच्या बाजूनं कुणी तरी हवं म्हणून ऋषिराज आला. भिगवणनंतर आम्ही बोललो नव्हतो, पण आत्याच्या म्हाळाला तो चुकणार नाही हे मला माहीत होतं. सहीचा कागद पुस्तकात घालून आणला होता, तेही मला दिसलं.

द्वारकाबाईनं पत्रावळी मांडल्या. एक जास्त मांडली. सगळं वाढलं, आणि खिरीच्या कडेला चार ग्लुकोजची बिस्किटं ठेवली.

मी विचारलं, वहिनी, ही कुणाला?

ती म्हणाली, संजीवनी दर साली पित्रांत अशी पत्रावळ ठेवायची. मी ड्यूटीवर गेल्यावर ठेवायची. माझ्या माघारी तू ठेव, असं जायच्या आधी तिनं द्वारकाबाईला सांगितलं होतं.

"पण कुणासाठी?"

"तुमच्या त्या आफ्रिकेच्या पोरासाठी."

मी म्हटलं, पत्रात तर लिहिलं होतं की तो जिवंत आहे, कॅम्पात आहे.

"तिला मी बी तेच म्हणाले, भावजी. तर म्हणाली, जगला असता तर ह्यांनी घरी येऊन शंभरदा त्याचं सांगितलं असतं. आल्यापासनं एकदा बी नाव काढलं न्हाय. म्हंजे गेला."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. एवढी वर्षं ती माझ्याशेजारी निजली. मी ड्यूटीवर गेलो की पत्रावळ मांडायची आणि मी आलो की चहा टाकायची. एका शब्दानं तिनं मला विचारलं नाही. तिच्यावर पण राग आला. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मनात म्हणालो. ते पण खोटंच. नसतं सांगितलं.

ऋषिराज पत्रावळीवर बसला होता. त्याच्या शेजारी ती बिस्किटांची. मी त्याला वाढता वाढता सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच, कमी नाही जास्त नाही. त्याचा घास हातात राहिला. द्वारकाबाई दारात उभी राहून ऐकत होती. फोनच्या पाळीचं सांगितलं तेव्हा ती आत निघून गेली.

ऋषिराज हळू आवाजात म्हणाला, "मामा, हे तर त्याच्यापेक्षा भारी हाय."

माझ्या हातात वड्यांचं ताट होतं. ते त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं. घरातून हाकलून द्यावं असं वाटलं. पण म्हाळाच्या पंगतीतून अर्ध्यात कुणाला उठवत नाहीत. तिच्या म्हाळात तर नाहीच. मी त्याच्या पत्रावळीवर अजून एक वडा ठेवला.

"जेव," मी म्हटलं. "पोट भरल्याशिवाय उठायचं न्हाय. आणि मी सही करणार न्हाय. ह्याच्यावर बी न्हाय, त्याच्यावर बी न्हाय."

तो म्हणाला, मग नाव बदलून काढतो, फौजी दुसऱ्या गावचा करतो. मी म्हटलं, कर. माझं नाव काढ, गाव काढ. पण ते लाल डोळे खोड.

"लाल डोळं काढलं तर बघंल कोण, मामा?"

"नको बघू दे कुणी. छकुली पाचव्यांदा मेली का परवा?"

त्यानं खाली बघितलं. म्हणाला, मेली. सहाव्यांदा पण मेली.

त्यानं वडा संपवला, खीर संपवली. मी ताक वाढलं. मग त्याची नजर शेजारच्या पत्रावळीवर गेली आणि तिथंच राहिली. त्याला आता समजलं असावं की आपण इतका वेळ कुणाच्या पंगतीला बसलो होतो. त्यानं फोन मांडीखालून काढून खिशात घातला.

"त्याचं खरं नाव काय व्हतं?"

"म्हायती न्हाय. नाव आत घेतल्यावर लिवायचे."

त्यानं हात धुतले. द्वारकाबाईनं बाहेर येऊन सांगितलं की ही जास्तीची पत्रावळ रस्त्यावर जे पहिलं पोर दिसेल त्याला द्यायची, संजीवनी तसंच करायची. मी ऋषिराजला म्हटलं, तू दे. नाव विचारून दे. तो ती दोन्ही हातांवर घेऊन बाहेर गेला.

पुस्तक कोनाड्याजवळ पडलं होतं. मी त्यातून सहीचा कागद काढला, चार तुकडे केले आणि चुलीत घातले. मग सातवं पान उघडून बघितलं. ते पोर तसंच माझ्याकडं बघत होतं, दात बाहेर काढून, अनवाणी. घटस्थापनेला सात दिवस होते आणि असल्या पाचशे प्रती बारामतीत गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या.

बाहेर रस्त्यावर ऋषिराज कुणाला तरी नाव विचारत होता. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.